नळीचा दोर

अहो, तुमच्या दहाव्याला भाषणं झाली. ओढ्याकाठच्या पिंपळाखाली सतरंज्या टाकल्या होत्या. पुरुष पुढे, बायका मागे आणि मी सगळ्यांच्या मागे, दगडाला टेकून. सरपंच बोलले, सोसायटीचे चेअरमन बोलले, तुमचे चुलतभाऊ नाना तर बोलता बोलता रडले. सगळ्यांच्या तोंडी एकच: अण्णांनी या कोरड्या गावाला गव्हात करडई घ्यायला शिकवलं, विहिरीला पाणी कमी असलं तरी घरात दाणाही येतो आणि तेलही येतं, हे अण्णांनी दाखवलं. भाषणं संपली तरी कावळा पिंडाला शिवेना. नाना हात जोडून म्हणाले, "अण्णा, काय राह्यलं असंल तर सांग, आमी पुरं करू." मला हसू फुटलं. पदर तोंडात कोंबून मी हसले आणि शेजारच्या बायकांना वाटलं हुंदका आला. शेवटी दर्भाचा कावळा करून काम उरकलं. तुमचं काय राहिलं होतं ते मला ठाऊक होतं, पण ते पुरं करणं नानांच्या हातात नव्हतं.

म्हणून आता मीच बोलते. सातवी शिकलेली बाई आहे मी, गावच्या बालवाडीत पोरांना अक्षरं गिरवायला लावते. दोन-चार पानं लिहायला मला कुणाची परवानगी नको. तुमची तर मिळालीच नसती. "कशाला जुनं उकरती?" म्हणाला असतात. जुनं नाही हो, कालचं आहे. काल आपल्या रानात पेरणी झाली. काल मला जे कळलं ते तुमच्या तोंडावर म्हणायला तुम्ही नाहीत, हा राग मी कुठे नेऊन ठेवू?

लग्न होऊन मी चांदवडच्या या बाजूला आले तेव्हा तुमच्या रानात रब्बीला नुसता गहू असायचा. रान कसं आहे ते तुम्हाला सांगायला नको, पण ज्यांनी भाषणं ठोकली त्यांच्यासाठी लिहिते. विहिरीकडून पाट येतो त्या अंगाला काळी माती. तिथून बांधाकडे जावं तशी माती सरते आणि मुरूम लागतो. विहिरीचं पाणी पाटाकडचा गहू पिऊन घेई आणि बांधाकडे पोचेपर्यंत दमून जाई. बांधाकडचा गहू हिरवा असतानाच पांढरा पडायचा. तुम्ही दरवर्षी बांधावर उभे राहून विहिरीला शिव्या द्यायचात. विहीर काय करणार?

माझं माहेर येवल्याच्या बाजूचं, याहून कोरडं. तिथे माझी आई गव्हात, ज्वारीत करडईच्या ओळी धरायची. करडईचं मूळ खोल जातं, गहू जिथलं पाणी पीत नाही तिथलं ती पिते, आणि वरून पाणी दिलं नाही तरी तिचं अडत नाही. हे मी पहिल्याच वर्षी चुलीपाशी सांगितलं, तर सासूबाई म्हणाल्या, "म्हायेरचं दळण इथं नको गं." आणि तुम्ही हसलात. "गव्हात काटे पेरायचे? आन् मंग खायचं काय, बाभळी?" तुमचं ते हसणं मला आवडायचं, तेच तर वाईट. राग यायच्या आधी मीही हसून घ्यायची.

बहात्तरच्या दुष्काळाने तुमचं हसणं बंद केलं. त्या आधीच्या पेरणीला मी हट्टाने बांधाकडच्या तुकड्यात हातानेच करडई टोचली होती. खड्डा करायला खुरपं आणि ओटीत माहेरून आणलेलं बी. गहू गेला. सगळ्यांचाच गेला. माझी करडई उभी राहिली, काटेरी, पिवळी, कुणाची पर्वा नसल्यासारखी. गाव रेशनच्या दुकानापुढे तेलासाठी उभं होतं तेव्हा आपल्या घरात घाण्यावरून काढून आणलेलं तेल होतं. तुम्ही जेवताना भाकरीवर तेल ओतून घेतलंत, वर मीठ-तिखट टाकलंत आणि म्हणालात, "लय झ्याक." करडईबद्दल किंवा माझ्याबद्दल तुम्ही बोललात ते एवढंच, आणि तेही तेलाला म्हणालात.

पण पुढच्या पेरणीला तुम्ही ती नळी केलीत. ती मी विसरत नाही, विसरणार नाही. पोकळ वेळू आणलात, माझ्या खांद्याला लावून मापलात, म्हणजे मला वाकावं लागू नये. हाताला कूस लागू नये म्हणून काचेच्या तुकड्याने तासून गुळगुळीत केलात. खाली लोहाराकडून लोखंडी टोक बसवलंत. ती नळी दोराने गहू पेरायच्या पाभरीच्या रुमण्याला, तिच्या दांड्याला, बांधली. तुम्ही पुढे, एक हात रुमण्यावर आणि दुसरा बी सोडायच्या चाड्यावर. मी मागे एका अंगाला, नळी जमिनीत दाबत, ओटीतली करडई तिच्यात सोडत. पाभरीच्या दोन फेऱ्यांमध्ये जी जागा सुटते तिथे माझी ओळ. मला कुणी दागिना केला नाही, पण अंगाला मापून वस्तू केली ती ही एकच.

पाटाकडून निघाल्यावर मी नळी खांद्यावर घ्यायची. तिथे करडई पेरायची नाही. ओलीत ती माजते, गव्हाला दाबते, पाणी साचलं की मरते, आणि पाणी द्यायला, दारं धरायला आत शिरायचं तर काटे पाय ठेवू देत नाहीत. तिथली मधली जागा मोकळीच हवी, माणसाला चालायला. मग चालता चालता तळपायाला माती बदललेली कळायची. मऊ लागायची ती टोचायला लागायची. तिथे मी नळी टेकवायची आणि बांधापर्यंत करडई सोडत जायची. परत येताना मुरूम संपला की नळी पुन्हा खांद्यावर. दरवर्षी, प्रत्येक फेरीला. तुम्ही मागे वळून पाहत नव्हतात. पेरणारा माणूस मागे पाहत नाही, चाड्यावरची मूठ हलते आणि बी कुठे दाट, कुठे विरळ पडतं. मी तुमची पाठ पाहत चालायची. सदऱ्यावरचा घाम मानेपासून खाली कसा उतरत जातो ते मला पाठ झालं होतं.

काढणीला मात्र आपण शेजारी शेजारी असायचो. करडई पहाटेच कापायची, दंवाने काटे मऊ असतात तोवर. तुम्ही पायांना गोणपाट गुंडाळायचात, आधी माझ्या, मग स्वतःच्या. दाट झाडं तुमच्या वाटेला घ्यायचात. तरी माझ्या बोटांत काटे जायचेच. संध्याकाळी ओट्यावर समोरासमोर बसून तुम्ही माझा हात मांडीवर घ्यायचात आणि सुईने एकेक काटा काढायचात. "हात हाय का बारदान?" असं म्हणून रागवायचात. मी मुद्दाम ओरडायची, दुखत नसलं तरी.

मग आला तो मेळावा. आपला गहू आणि करडई पाहून शेती खात्याच्या साहेबांनी आपल्याच रानात शेतकऱ्यांना बोलावलं. मंडप नव्हता, आंब्याखाली बाकडी होती. मी आणि रशीदभाईंची जैतुनबी चहा करत होतो. रशीदभाई आपल्या शेजारचे, एकमेकांचे बैल वापरायची सावड त्यांच्याशीच. साहेबांनी विचारलं, "हे कसं केलंत ते तुमच्या तोंडाने सांगा." तुम्ही उठलात, टोपी सारखी केलीत. मी कपबशा तशाच ठेवून आंब्याच्या खोडापाशी येऊन उभी राहिले. माझं नाव घेताना तुमचे ओठ कसे दिसतात ते बघायचं होतं मला. नावही नको, 'घरची मंडळी' म्हणाला असतात तरी चाललं असतं.

तुम्ही म्हणालात, "मी असं करतो." सगळं 'मी'. मी नळी बांधतो, मी करडई सोडतो. आणि पुढे म्हणालात, "पाटापासून बांधापोहोत सरळ वळी घ्या. कुठं खंड नाय, हयगय नाय." साहेबांनी ते लिहून घेतलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तुम्हाला शाल आणि नारळ दिला. जैतुनबीने माझ्याकडे पाहिलं आणि चहा गाळायला लागली. आयत्या बिळात नागोबा म्हणतात तो एवढ्या जवळून पाहायला नशीब लागतं.

त्या दिवशी मला तुमचा राग नाही आला, हे तुम्हाला पटेल का? मला वाटलं, यांना ठाऊकच नाही. हे पुढे असतात, यांना काय दिसणार मी कुठे नळी उचलते ते? पीक वाढल्यावर पाटाकडे करडई दिसली नाही तरी यांना वाटत असेल, ओलीने उगवली नाही. पुढच्या माणसाला मागचं दिसत नाही, यात त्याचा काय दोष? असं म्हणून मी तुम्हाला सोडून दिलं. सोडून देणं मला चांगलं जमायचं.

पुढच्या रब्बीला गावाने तुमचं ऐकून पेरलं. पाटापासून बांधापर्यंत, सरळ. पाटाकडची करडई कमरेच्या वर गेली, गहू तिच्या खाली पिवळा पडला. पाणी द्यायला माणसं आत शिरेनात. शिरली तर पोटऱ्या रक्ताळून बाहेर. साऱ्याची कड फुटली तरी बुजवायला कोणी वेळेवर पोचेना, पाणी साचलं, करडई मुळापासून मेली, उरली तिच्यावर मावा पडला. आणि आपलं रान मात्र तसंच, भरलेलं. कारण आपल्या रानात मी पेरत होते.

रशीदभाई ओट्यावर आले. भांडायला नव्हे, भांडणारा माणूसच नव्हे तो. म्हणाले, "अण्णा, तुम्ही बोल्ले तसंच केलं. मंग तुमच्या रानात हाय ते आमच्यात का नाय?" मी दाराआड होते. श्वास धरून उभी होते. आता म्हणतील, थांबा, हिलाच विचारू. तुम्ही पायाचा अंगठा चोळत बसलात आणि म्हणालात, "हात लागतो त्याला, रशीद." त्यांच्या घरात त्या वर्षी पोरांनी गव्हाची पोळी ईदलाच पाहिली. तुमच्या त्या एका वाक्यावर माणूस उठून गेला.

मी जैतुनबीला सांगितलं. विहिरीवर, धुणं धुताना. पाटाकडे नळी उचल, मुरूम लागला की टेकव. पुढच्या वर्षी त्यांचं रान साधलं आणि एकाचं पाहून दुसऱ्याने असं करत गाव शिकलं. हे आहे तुमचं गावाला शिकवणं! भाषणात हे नव्हतं. तुम्हाला कुठून तरी कळलं आणि घरात जे झालं ते मी जन्मात विसरणार नाही. तुम्ही ताट सरकवलंत. "चारचौघांत माझं नाक कापलं तू."

"मी तर कुणाच्या चारचौघांत गेलेच नाही," मी म्हणाले. "मी विहिरीवर बोलले. तुम्ही बोललात आंब्याखाली, आणि चुकीचं बोललात."

"झाकली मूठ सव्वा लाखाची ऱ्हाती. बाईनं शिकवलं म्हणून सांगू का लोकान्ला?"

"मग लोकांचे गहू गेले ते चालले?"

तुम्ही उठून गोठ्यात गेलात. बैलाच्या पाठीवर हात फिरवत उभे राहिलात. मी ताट झाकून ठेवलं. मला वाटलं, आपलंच ज्ञान अपुरं होतं हे चारचौघांत उघडं पडलं, म्हणून माणूस चिडला. मला तुमची कीव आली. कीव! आज त्या कीवेचा मला इतका संताप येतो की ही पानं फाडावीशी वाटतात.

त्यानंतर आपण कितीतरी पेरण्या केल्या, तुम्ही पुढे, मी मागे. त्या गोष्टीवर पुन्हा बोललो नाही. गावात तुम्हाला 'करडईवाले अण्णा' म्हणायला लागले, तुम्ही नाही म्हणाला नाहीत. आणि यंदा दसऱ्याच्या आधी दुपारचे पडलात ते उठलाच नाहीत. जातानाही न सांगताच.

दिवाळी आपल्याकडे झाली नाही. पेरणी मात्र थांबत नाही. आपला दिलीप सातपूरच्या कारखान्यातून रजा काढून आला. काल सकाळी रशीदभाई त्यांचे बैल घेऊन आले, नाना आले, पाभर जुंपली. दिलीपने चाड्याला हात घातला आणि मला म्हणाला, "आई, तू मागं चल, नेहमीसारखी." नेहमीसारखी! त्या एका शब्दाने माझं डोकं फिरलं. मी नळी उचलली आणि त्याच्या हातात दिली.

"तू चल मागं. मी पेरते."

नाना मध्ये पडले. "वैनी, आपल्या भावकीत बाया चाड्याला हात लावत न्हाईत. त्यात हे असं वरीस."

"मग भावकीतली करडई इतकी वर्षं कोणी पेरली, नाना? भुतांनी?"

नाना बाजूला सरले. दिलीप बिचारा नळी घेऊन उभा. त्याला मापाने ती आखूड पडत होती, वाकावं लागत होतं. मी त्याला सांगितलं, माती टोचायला लागली की टेकव, तोवर खांद्यावर. रशीदभाईंनी बैल धरले आणि आम्ही निघालो. गव्हाचं बी मुठीतून सुटत होतं. मला वाटलं होतं त्यापेक्षा सोपं होतं ते. मूठ एका लयीत हलत ठेवायची, बस. मागे पाहता येत नाही हे खरंच आहे. मी एकदा मान वळवली, तर बी भसकन पडलं.

अर्ध्या रानात गेलो आणि माझ्या मांडीला नळीचा दोर घासला. तोवर तो सैल होता, लोंबत होता. एकदम ताणला गेला, मांडीवरून करकचून घासला आणि पाभर एका अंगाला ओढली. रुमणं माझ्या हातातून निसटलंच असतं. मी दुसऱ्या अंगाला जोर लावला तेव्हा कुठे ती सरळ झाली. मला कळेना काय झालं. रशीदभाई पुढून म्हणाले, "डाव्या अंगाला दाबा भाभी, पोरानं नळी टेकवली. वढतीच ती. आमच्यात जैतुन टेकवती ना, तवा हाताला लगेच कळतं. आंधळ्यालाबी कळंल." त्यांनी मागे माझ्याकडे पाहिलं आणि पटकन बैलांकडे तोंड फिरवलं.

बांधाला पाभर वळली. परतीच्या फेरीत मुरूम संपला, दिलीपने नळी उचलली, दोर सैल झाला, पाभर हलकी झाली. पुढच्या फेरीत पुन्हा तिथेच ओढ. डोळे मिटून चाललं तरी नळी कुठे टेकली, कुठे उचलली हे कळत होतं. मागे वळून पाहायची गरजच नव्हती. दरवर्षी, प्रत्येक फेरीला, माझी नळी टेकली की तुम्हाला रुमणं दुसऱ्या अंगाला दाबावं लागलं असणार. नाही तर ओळ वाकडी गेली असती, आणि आपल्या रानात ओळ कधी वाकडी गेली नाही.

म्हणजे तुम्हाला ठाऊक होतं. आंब्याखाली उभं राहून तुम्ही 'पाटापासून बांधापोहोत' म्हणालात तेव्हाही ठाऊक होतं. खरी रीत सांगितली असती तर 'नळी कोण उचलतं' हेही सांगावं लागलं असतं. तुम्ही चूक सांगितलीत, सगळ्या गावाचा गहू घालवलात, रशीदभाईंना ओट्यावरून परत पाठवलंत, पण माझं नाव तोंडातून निघू दिलं नाहीत. इतकं जड होतं का हो ते? एक बाईमाणूस मागे चालते, एवढं तर म्हणायचं होतं.

पेरणी पुरी केली मी. ओळी सरळ आहेत, नाना स्वतः बघून गेले. दिलीपच्या हाताला फोड आला. आता तो नवा वेळू तासायला बसला आहे, त्याच्या मापाची नळी करू म्हणाला. मी म्हटलं, नवी कर, पण जुनी राहू दे. ती माझ्या खांद्याएवढी आहे.

पेरताना मागे पाहता येत नाही, हे मी आता स्वतः करून पाहिलं, ते तुम्हाला माफ. आंब्याखाली चारचौघांत जीभ रेटली नाही, तेही एक वेळ माफ करीन, पुरुषाची जात. पण दरवर्षी काढणीनंतर संध्याकाळी ओट्यावर आपण समोरासमोर बसत होतो. तिथे कोणी नसायचं. माझा हात तुमच्या मांडीवर, आणि तुम्ही माझ्या करडईचे काटे माझ्याच बोटांतून काढत होतात. तेव्हा एकदा तरी म्हणायचं होतंत.